शून्यापेक्षा लहान फट

सायकलचे पुढचे चाक खोलून पुन्हा बसवताना आपल्यापैकी बहुतेकांची एकदा तरी फजिती झालेली असते. एक्सलवरचा कोन जरा जास्त आवळला की चाक जड होते, हाताने फिरवले तर दोन फेऱ्यांत थांबते. तोच कोन जरा सैल ठेवला की चाक मजेत फिरते, पण रिम दोन्ही हातांनी धरून आडवी हलवली तर ‘टक टक’ असा झोल हाताला लागतो. सायकलवाला मात्र कोन आवळतो, किंचित मागे सोडतो, वरून नट घट्ट करतो आणि चाक सोडून देतो. व्हॉल्व्हच्या एवढ्याशा वजनानेही चाक हळूच झुलत खाली येऊन थांबले आणि रिम हलवून झोल लागला नाही, की त्याचे काम झाले.

सायकलवाला काय करतो? छर्रे आणि त्यांना धरणारे कोन व कप यांच्यामधली फट जवळजवळ शून्यावर आणतो. सायकलला एवढे पुरते. पण धातू कापणाऱ्या यंत्राला ते पुरत नाही. तेथे ही फट शून्यापेक्षाही लहान ठेवावी लागते, म्हणजे ऋण! ऋण संख्या आपण मुलांना संख्यारेषेवर शिकवतो. ऋण फट कशी असेल? ती मोजायची कशी? आणि ती थोडी चुकली तर काय होते? आमच्या तांत्रिक विद्यालयातील मिलिंग मशीनने या प्रश्नांची उत्तरे आम्हांला शिकवली. त्या शिकवणीची फी म्हणून बेअरिंगची एक नवीकोरी जोडी आम्हांला द्यावी लागली.

यंत्र आणि त्याचे दुखणे

लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार स्थिर असते. मिलिंग मशीनवर याच्या उलट असते. दातांचे कटर फिरते आणि टेबलावर पकडलेला जॉब हळूहळू त्याच्याखाली सरकवला जातो. कटर ज्या दांड्यात पकडलेले असते तो फिरता दांडा म्हणजे स्पिंडल. आमचे यंत्र उभ्या स्पिंडलचे आहे. अमेरिकेतील ब्रिजपोर्ट या गावच्या कारखान्याने १९३८ मध्ये या प्रकारचे यंत्र बाजारात आणले आणि पुढे अनेक देशांत त्या धर्तीची यंत्रे तयार होऊ लागली. लहान कारखान्यांत आणि प्रशिक्षण संस्थांत ती आजही दिसतात.

कटरला चार दात आहेत आणि ते मिनिटाला ५०० फेरे घेते असे समजा. म्हणजे जॉबवर मिनिटाला २०००, सेकंदाला सुमारे ३३ घाव बसतात. दात धातूत शिरताना स्पिंडलवर जोर येतो, बाहेर पडताना तो जोर कमी होतो. जोराची दिशाही सतत बदलत राहते. स्पिंडलला बेअरिंगमध्ये जरासाही झोल असेल तर प्रत्येक घावाला तो इकडून तिकडे आदळतो. मग जॉबच्या पृष्ठभागावर लाटांसारखे पट्टे उमटतात, कटरचे दात तुटतात आणि यंत्र कर्कश ओरडू लागते. कारखान्यात याला ‘चॅटर’ म्हणतात.

आमच्या यंत्राचे हेच झाले होते. परीक्षेच्या जॉबसाठी विद्यार्थी कितीही काळजी घेत, तरी पृष्ठभाग खरबरीत येई. बिचाऱ्यांचे गुण कापले जात आणि दोष मात्र यंत्राचा होता. त्या विभागात मिलिंगचे यंत्र एकच. त्यामुळे ते दुरुस्त होणे सर्वांच्याच गरजेचे होते.

आम्ही स्पिंडलच्या तोंडाशी डायल गेज लावला आणि स्पिंडल हाताने खाली ओढला, मग वर दाबला. काटा ४० मायक्रॉन हलला. एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. अर्ध्या केसाएवढा झोल होता. बेअरिंग बदलणे भाग होते.

आतमध्ये काय असते?

स्पिंडलच्या खालच्या तोंडाशी, जेथे कटर असते तेथे, दोन बेअरिंगांची जोडी असते. वरच्या टोकाला आणखी एक साधे बेअरिंग असते. ते फक्त आधार देते. खरा भार खालची जोडी सोसते.

आमच्या जोडीवर ७२०७ हा आकडा होता. बेअरिंगच्या आकड्यातील शेवटच्या दोन अंकांना ५ ने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिलीमीटरमध्ये मिळतो. (ही युक्ती ०४ पासून पुढे चालते.) म्हणजे ०७ ला ३५ मिलीमीटर. बेअरिंगच्या दुकानात विद्यार्थ्यांना नेले तर ही ओळख जरूर करून द्यावी. पहिला ७ सांगतो की हे तिरप्या स्पर्शाचे बेअरिंग आहे. साध्या बेअरिंगमध्ये छर्रा आतल्या आणि बाहेरच्या कड्याला समोरासमोर टेकतो. या प्रकारात तो तिरपा टेकतो, अगदी सायकलच्या कोन-कपासारखा. त्यामुळे ते आडवा भार घेते आणि एका बाजूने येणारा उभा भारही घेते. दुसऱ्या बाजूने उभा भार आला तर मात्र ते सुटे होते. म्हणूनच अशी दोन बेअरिंगे पाठीला पाठ लावून बसवतात. एक खालून येणारा जोर घेते, दुसरे वरून येणारा.

या दोहोंच्या मध्ये दोन नळ्या असतात. मोठी नळी बाहेरच्या कड्यांच्या मध्ये, लहान नळी आतल्या कड्यांच्या मध्ये. दोन्हींची लांबी सारखी. दिसायला या नळ्या म्हणजे नुसते लोखंडाचे तुकडे. त्यांत हलणारे काही नाही, झिजणारे काही नाही. आम्हीही त्यांना तेवढेच समजलो आणि तेथेच फसलो.

आमची चूक

जुनी बेअरिंगे काढताना आतल्या नळीच्या कडेला एक टोच पडला. नवी बेअरिंगे घालण्यापूर्वी ती कड साफ करावी म्हणून आम्ही सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवला आणि नळी त्यावर पाच-सात मिनिटे घासली. टोच गेला, कड चकचकीत झाली. आम्हांला समाधान वाटले.

यंत्र जोडून चालू केले. झोल नावालाही नव्हता. डायल गेजचा काटा जागचा हलेना. पहिल्या जॉबचा पृष्ठभाग आरशासारखा आला आणि विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. वीस मिनिटांनी शेजारच्या कारखान्यातील एक वयस्कर मिस्त्री सहज डोकावले. त्यांनी स्पिंडलच्या तोंडाजवळ हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. “सर, आधी यंत्र बंद करा,” ते म्हणाले. “झोल गेला ते खरं. पण तुम्ही त्याचा गळाच आवळलाय.”

दुसऱ्या दिवशी खोलून पाहिले तेव्हा ग्रीस काळे पडले होते. छर्ऱ्यांच्या वाटेवर काळपट, खडबडीत पट्टा उमटला होता. नवी जोडी वाया गेली. मिस्त्रींनी दोन्ही नळ्या सपाट पाटावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांवरून डायल गेज फिरवला. आतली नळी बाहेरच्या नळीपेक्षा १२ मायक्रॉन लहान भरली. शिवाय तिची एक बाजू किंचित उतरती झाली होती.

आम्हांला पटेना. १२ मायक्रॉन म्हणजे केसाचा सहावा भाग. एवढ्याने बेअरिंग जळते?

छर्रा चेपतो

या प्रश्नाचे उत्तर एका अशा शास्त्रज्ञाकडे आहे, ज्याचे नाव आपण रोज वेगळ्याच संदर्भात घेतो. हाइनरिश हर्ट्झ. रेडिओलहरी प्रयोगाने दाखवणारा आणि कंपनसंख्येच्या एककाला ज्याचे नाव दिले तोच हा हर्ट्झ. १८८० च्या नाताळच्या सुट्टीत, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो एका निराळ्याच कोड्यात गुंतला होता. दोन काचेची भिंगे एकमेकांवर टेकवली की त्यांच्यामध्ये रंगीत वलये दिसतात. ती न्यूटनची वलये. पण भिंगे एकमेकांवर दाबली तर काच किंचित चेपते आणि वलये बदलतात. ती किती चेपते? हर्ट्झने याचे गणित मांडले आणि १८८१ मध्ये ते बर्लिनच्या शास्त्रज्ञांसमोर ठेवले. आज जगातले प्रत्येक बेअरिंग त्या गणितावर उभे आहे.

त्याचे सार असे. गोल वस्तू दुसऱ्या पृष्ठभागावर टेकते तेव्हा सुरुवातीला स्पर्श एका बिंदूपुरता असतो. जोर वाढला की तेथे ती चेपते, स्पर्शाचा ठिपका मोठा होतो आणि ठिपका मोठा झाल्यामुळे पुढे चेपणे अधिकाधिक अवघड होत जाते. पोलादही याला अपवाद नाही. स्प्रिंगला दुप्पट वजन लावले तर ती दुप्पट ताणली जाते. छर्ऱ्याचे तसे नसते. गंमत अशी की त्याचे आकडे मुलांना तोंडपाठ असणाऱ्या वर्गांचे आणि घनांचे आहेत. जोर १, ८, २७ असा वाढवला तर चेप १, ४, ९ अशी वाढते.

जरा बारकाईने पाहू. पहिला १ एकक जोर लावला तेव्हा चेप १ एकक झाली. १ वरून ८ पर्यंत जायला ७ एकके जास्त जोर लागला, चेप मात्र ३ एककांनीच वाढली. ८ वरून २७ पर्यंत १९ एकके जोर वाढला आणि चेप वाढली अवघी ५ एकके. म्हणजे छर्रा जितका दाबलेला, तितका तो जास्त ताठ. हलके टेकलेला छर्रा मऊ असतो, दाबलेला छर्रा कणखर.

आता लक्षात येईल की फट शून्य करून का भागत नाही. फट शून्य असते तेव्हा छर्रे नुसते टेकलेले असतात, म्हणजे त्यांच्या सर्वांत मऊ अवस्थेत. कटरचा पहिला घाव बसताच स्पिंडल त्या मऊपणात दबतो. झोल नसतो, पण थरथर असते. छर्रे आधीच दाबून ठेवले तर मऊ टप्पा आपण आधीच ओलांडलेला असतो. अशा आधीच दिलेल्या दाबाला कारखान्यात ‘प्रीलोड’ म्हणतात. आपण त्याला पूर्वदाब म्हणू. हीच आपली ऋण फट. छर्ऱ्याला हवी त्यापेक्षा थोडी कमी जागा द्यायची!

दोघांच्या भांडणात तिसरा स्थिर

दाबायचे तर कशाने? येथे जोडीचा उपयोग होतो. दोन्ही बेअरिंगे एकमेकांविरुद्ध दाबून धरली की वरचे खालच्याला दाबते आणि खालचे वरच्याला.

वरच्याच आकड्यांत हिशेब करून पाहू. दोन्ही बेअरिंगांवर ८ एकके पूर्वदाब आहे, म्हणून दोन्ही ४-४ एकके चेपलेली आहेत. आता कटरच्या जोराने स्पिंडल १ एकक वर सरकला असे समजा. एका बेअरिंगची चेप ५ झाली, दुसऱ्याची ३ उरली. नियमाप्रमाणे ५ चेपेला सुमारे ११.२ एकके जोर लागतो आणि ३ चेपेला ५.२. दोहोंतील फरक ६. म्हणजे स्पिंडल १ एकक हलवण्यासाठी कटरला ६ एकके जोर लावावा लागला. पूर्वदाब नसलेले एकटे बेअरिंग तेवढ्याच जोराला ३.३ एकके दबले असते. तीच बेअरिंगे, तेच पोलाद; पण आधी दाबून ठेवल्याने हालचाल एक तृतीयांशाहून कमी झाली.

हे तत्त्व आपल्याला अनोळखी नाही. सायकलच्या चाकातील आरे पाहा. नुसती तार उभी धरून वरून दाबली तर ती लगेच वाकते. पण सर्व आरे आधीच ताणलेले असल्यामुळे स्वाराच्या वजनाने खालच्या आऱ्यांचा ताण फक्त थोडा कमी होतो, तो पूर्ण जात नाही. म्हणून तारांचे चाक माणसाचे वजन पेलते. ताण उतरलेले आरे असलेले चाक पाहता पाहता आठ होते, हे आपण जाणतोच.

आता आमच्या १२ मायक्रॉनकडे येऊ. पाठीला पाठ लावलेल्या जोडीत, जोडी नुसती एकत्र ठेवली तर बाहेरची कडी टेकतात, पण आतल्या कड्यांमध्ये बारीकशी फट राहील अशा हिशेबाने ती कारखान्यातच घासलेली असतात. स्पिंडलवरचा नट आवळला की ही फट मिटते आणि त्या मिटण्यातूनच पूर्वदाब निर्माण होतो. मध्ये सारख्या लांबीच्या नळ्या घातल्या तर हिशेब बदलत नाही. पण आतली नळी लहान केली तर मिटवायची फट तेवढीच वाढते.

कारखान्याने ठेवलेली फट ६ मायक्रॉन होती असे समजू. आम्ही त्यात १२ ची भर घातली, ती १८ झाली. चेप तिप्पट झाली. चेप ४ पट होते तेव्हा जोर ८ पट असतो हे वर पाहिले. त्याच नियमाने तिप्पट चेपेला ५.२ पट जोर येतो. शंभर न्यूटनच्या जागी पाचशेहून अधिक! केसाच्या सहाव्या भागाचा हा प्रताप.

आणखी एक गैरसमज येथे दूर करायला हवा. नट जोरात आवळून अशा जोडीचा पूर्वदाब वाढत नाही आणि सैल सोडून तो हवा तसा कमीही करता येत नाही. नटाचे काम सर्व कडी व नळ्या एकमेकांवर घट्ट बसवणे एवढेच. पूर्वदाब ठरतो तो नळ्यांच्या लांबीने. सायकलच्या कोनात, किंवा निमुळत्या रोलर बेअरिंगच्या यंत्रांत, पूर्वदाब नटाने ठरवतात. तेथे हाताचे कसब लागते. येथे ते कसब नळ्या घासणाऱ्या ग्राइंडरने आधीच वापरलेले असते.

कणखरपणाची किंमत

मग पूर्वदाब भरपूर का ठेवू नये? कारण त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. दाब वाढला की छर्ऱ्यांचे घर्षण वाढते, बेअरिंग तापते. बाहेरच्या कड्याची उष्णता यंत्राच्या जाड बिडात जाऊन विरते. आतले कडे मात्र बारीक स्पिंडलवर असते, ते जास्त तापते. पोलाद दर अंश सेल्सिअसला लांबीच्या दहा लाखांत सुमारे १२ भाग प्रसरण पावते. ३५ मिलीमीटर व्यासाचे आतले कडे बाहेरच्यापेक्षा १० अंशांनी जास्त तापले तर त्याचा व्यास ३५ × ०.००००१२ × १० = ०.००४२ मिलीमीटर, म्हणजे ४ मायक्रॉनने वाढतो. छर्ऱ्यांची जागा आणखी कमी होते. दाब वाढतो, घर्षण वाढते, तापमान आणखी वाढते. हे चक्र योग्य पूर्वदाबात लवकरच एका ठिकाणी स्थिरावते. दाब मुळातच जास्त असेल तर ते थांबत नाही. आमच्या यंत्रात वीस मिनिटे हेच चालले होते.

म्हणून पूर्वदाब ही निवड असते. संथ वेगाने जाड काप घ्यायचे असतील तर जास्त पूर्वदाब चालतो, वेगाने बारीक काम करायचे असेल तर कमी. आमच्या धर्तीच्या यंत्राचा वेग मिनिटाला ८० ते २७२० फेऱ्यांपर्यंत असतो. तेथे हलका किंवा मध्यम पूर्वदाब योग्य.

दुसऱ्या वेळी

दुसरी जोडी घेण्यासाठी वर्षभराच्या कटर खरेदीतून पैसे वळवावे लागले. त्यामुळे या वेळी मिस्त्रींना आग्रहाने बोलावले आणि विद्यार्थ्यांना प्रत्येक पायरीची नोंद ठेवायला सांगितले.

पहिले काम नळ्यांचे. दोन्ही नळ्या सरफेस ग्राइंडरच्या चुंबकीय पाटावर शेजारी ठेवून एकाच वेळी घासून घेतल्या. दगड दोघींवरून एकाच उंचीने फिरतो, म्हणून लांबी आपोआप सारखी येते. नळीची लांबी नेमकी किती हे महत्त्वाचे नाही, दोघी सारख्या असणे महत्त्वाचे. मोजल्यावर फरक १ मायक्रॉनच्या आत होता.

दुसरे स्वच्छता. टेबल पुसून त्यावर स्वच्छ कागद अंथरला, पंखे बंद केले, कापसाच्या चिंध्या दूर ठेवल्या कारण त्यांचे तंतू सुटतात. जेथे १२ मायक्रॉनने घोटाळा होतो, तेथे धुळीचा १० मायक्रॉनचा कण काय करील हे सांगायला नको. जुने भाग रॉकेलने धुतले. नवी बेअरिंगे मात्र बसवण्याच्या क्षणापर्यंत वेष्टनातच ठेवली.

तिसरे जोडीची दिशा. जोडीच्या बाहेरील कड्यांवर मिळून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खूण असते. ती जुळली की क्रम बरोबर. पाठीला पाठ लावलेल्या जोडीत छर्ऱ्यांचे आधार स्पिंडलवर दूर दूर पडतात. पाय फाकवून उभा राहिलेला माणूस धक्का दिला तरी सहज पडत नाही, तसा हा स्पिंडल कलत नाही.

चौथे वर्तुळातील चूक. उत्तम बेअरिंगचे आतले कडेही अगदी मध्यावर फिरत नाही. या आकाराच्या साध्या बेअरिंगला १५ मायक्रॉनपर्यंत फरक चालतो. आम्ही घेतलेल्या अचूक वर्गाच्या, पी-४ म्हणतात त्या बेअरिंगला ४ मायक्रॉनच चालतात. कड्याच्या सर्वांत जाड जागी कारखान्याने ठिपका केलेला असतो. स्पिंडलची उंच बाजू डायल गेजने शोधून ठिपका तिच्या बरोबर समोर ठेवला. एकाची चूक दुसऱ्याने वजा होते.

पाचवे बसवणे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव तापवून चढवतो आणि पाणी ओतून आवळतो. तीच युक्ती येथे. बेअरिंग बंद डब्यात हीटरवर ८० अंशांपर्यंत तापवले. खोलीत ३० अंश होते. ५० अंशांच्या फरकाने ३५ मिलीमीटरचे भोक २१ मायक्रॉनने मोठे होते आणि बेअरिंग हाताने सरकते. फार तापवले तर पोलादाचे पाणी उतरते, म्हणून १२० अंशांच्या पुढे कधीच जायचे नाही. थंड होताना कडे लांबीतही आकसते आणि शेजारच्या भागापासून सुटते, म्हणून ते निवेपर्यंत नटाने दाबून धरले.

हातोड्याला मात्र सक्त मनाई. बाहेरच्या कड्यावर ठोकले तर सगळा मार छर्ऱ्यांमधून आतल्या कड्यावर जातो आणि प्रत्येक छर्ऱ्याखाली खड्डा पडतो. पोलादी गोळी दाबून पडलेल्या खड्ड्यावरून धातूचा कठीणपणा मोजण्याची रीत स्वीडनच्या ब्रिनेलने १९०० मध्ये मांडली. अशा बेअरिंगला ब्रिनेलचे खड्डे पडले असेच म्हणतात. पुढे ते जन्मभर खडखडते.

शेवटी ग्रीस. छर्ऱ्यांभोवतीच्या मोकळ्या जागेच्या पाव भागाच्या आसपासच. जास्त ग्रीस म्हणजे जास्त वंगण असे नव्हे. छर्रे ते घुसळत बसतात आणि त्यानेच तापतात.

परीक्षा

स्पिंडलभोवती दोरी गुंडाळून ती प्रयोगशाळेतील ताणकाट्याने हळू ओढली. काटा एकाच आकड्याच्या आसपास राहिला, कोठेही अडला नाही. झटके बसले असते तर कडे वाकडे किंवा आत घाण असे समजायचे होते.

मग वेग टप्प्याटप्प्याने वाढवला. प्रत्येक वेगाला १५ मिनिटे, दर ५ मिनिटांनी तापमानाची नोंद. विद्यार्थ्यांनी आलेख काढला. प्रत्येक टप्प्यात तापमान आधी चढले, मग किंचित उतरून स्थिर झाले. ग्रीस वाटेतून बाजूला सरते तेव्हा असे उतरते. सर्वांत मोठ्या वेगाला तासाभराने ते ४५ अंशांवर थांबले. खोलीत २९ होते. मिस्त्रींनी हात ठेवला आणि या वेळी तो तसाच राहू दिला. “आता हा श्वास घेतोय,” ते म्हणाले.

पहिल्या वेळी जॉब आरशासारखा आला होता आणि आम्ही तेवढ्यावर खूश झालो होतो. दुसऱ्या वेळीही जॉब तसाच आला. फरक जॉबमध्ये नव्हता, तापमानाच्या आलेखात होता. निकाल चांगला दिसला म्हणून यंत्र निरोगी असतेच असे नाही, हे आमच्या विद्यार्थ्यांनी त्या आलेखावरून शिकले. आम्हीही. ती १२ मायक्रॉन लहान नळी आम्ही टाकली नाही. मिस्त्रींनी दुसरी नळी करून दिली होती, म्हणून ही सुटली. आता ती विभागातील कपाटात आहे आणि दरवर्षी नव्या मुलांच्या हाती दिली जाते. “हिच्यात काय चुकले आहे?” असे विचारले की मुले ती उलटसुलट करून पाहतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही.

वर्गात करून पाहा

१. रबरी चेंडूला शाईचा पातळ हात द्या आणि तो कागदावर दाबा. वर १, २, ४, ८ किलो अशी वजने ठेवून प्रत्येक वेळचा ठसा मोजा. वजन दुप्पट झाले की ठशाचा व्यासही दुप्पट होतो का?

२. दोन खिळ्यांमध्ये रबर बांधा आणि मध्यावर एक मणी अडकवा. रबर सैल असताना आणि ताणलेले असताना मणी एक सेंटिमीटर हलवायला किती जोर लागतो, ते ताणकाट्याने मोजा.

३. सायकलचे चाक उलटे टांगा. कोन सैल, योग्य आणि आवळलेला अशा तीन स्थितींत चाकाला सारखा धक्का देऊन ते किती सेकंदांत थांबते ते मोजा. प्रत्येक स्थितीत रिमचा झोलही पाहा. सर्वांत जास्त वेळ फिरणारे चाक हेच सर्वांत चांगले बसवलेले चाक असते का? यावर मुलांना वाद घालू द्या.